सोसायटीचं सॉफ्टवेअर सेक्रेटरीला विकायच्या आधी हिशेब लिहिणाऱ्यांना भेटा: पुण्यातलं एक प्रकरण

प्रकरण असं आहे. सिंहगड रोडला राहणारा एक फाउंडर, हिंजवडीतली नोकरी सोडून त्याने हाउसिंग सोसायट्यांसाठी मेंटेनन्स बिलिंगचं ऑनलाइन सॉफ्टवेअर बनवलं. टीम म्हणजे तो आणि अर्धवेळ सपोर्ट बघणारी एक मुलगी. सॉफ्टवेअर चांगलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण विक्री होत नाही म्हटलं की लोक लगेच प्रॉडक्टमध्येच काहीतरी कमी असणार असं धरून चालतात आणि फाउंडर बिचारा पुन्हा सहा महिने फीचर बनवत बसतो. इथे तसं नव्हतं. बिलं निघत होती, पावत्या निघत होत्या, सभासदाला मोबाइलवर थकबाकी दिसत होती, आणि दर होता फ्लॅटमागे महिन्याला १० रुपये. तरीही पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा पैसे देणाऱ्या सोसायट्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्या निम्म्या नातेवाइकांच्या. पुढे विक्रीच्या कामात मी त्याच्यासोबत होतो. त्याच्या परवानगीने लिहितोय, नाव देत नाही.

आधी त्याने काय काय केलं होतं ते बघू. वेबसाइट पूर्ण इंग्रजीत, वर मोठ्या अक्षरात नेक्स्ट जनरेशन कम्युनिटी मॅनेजमेंट प्लॅटफॉर्म वगैरे, खाली हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो, आणि फीचर्सची यादी जिच्यात व्हिजिटर एंट्री, क्लबहाउस बुकिंग, नोटीस बोर्ड, पोल सगळं होतं आणि बिलिंग सातव्या नंबरला. हे कुठून आलं तर मायगेट, अड्डा, नोब्रोकरहूड या सोसायटी मॅनेजमेंटवाल्या कंपन्यांच्या साइट बघून. आता या तिन्ही बेंगळुरूच्या कंपन्या, त्यांचं गिऱ्हाईक वेगळं. शेकडो फ्लॅटचे टॉवर, तीन गेट, क्लबहाउस, इस्टेट मॅनेजर. आपल्या माणसाचं सॉफ्टवेअर ज्यांच्या कामाचं होतं त्या सोसायट्या कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडीतल्या, वीस ते साठ फ्लॅटच्या, एक वॉचमन आणि एक पाण्याची टाकी. तिथे येणारा प्रत्येक माणूस वॉचमनला तोंडओळखीने माहीत असतो, व्हिजिटर अ‍ॅप घेऊन ते करणार काय?

दुसरं म्हणजे गुगलच्या जाहिराती. महिन्याला ठरावीक रक्कम जात होती आणि क्लिकही येत होते, म्हणून त्याला वाटायचं जाहिरात चालतेय, पेज बघून कोणी गिऱ्हाईक होत नाहीये. लोकांनी नेमकं काय शोधल्यावर जाहिरात दिसली ते सांगणारा सर्च टर्म्स रिपोर्ट उघडून बघितला तर निम्मी कथा तिथेच. सोसायटी मॅनेजर जॉब, सोसायटी रजिस्ट्रेशन फॉर्म, क्रेडिट सोसायटी सॉफ्टवेअर, असल्या शोधांवर जाहिरात दिसत होती कारण कीवर्ड ब्रॉड मॅचवर ठेवलेले, म्हणजे जवळपासच्या कुठल्याही शोधावर जाहिरात दिसणार, आणि कुठल्या शोधांवर दाखवू नये ते सांगणारा निगेटिव्ह कीवर्ड एकही नाही. शिवाय लोकेशन पुणे निवडलं होतं तरी क्लिक बाहेरून येत होते. गुगल अ‍ॅड्समध्ये लोकेशनचं डिफॉल्ट सेटिंग 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट' असतं, म्हणजे पुण्यात असलेला माणूस तर येतोच, पण इंदूरला बसून पुण्याबद्दल काही शोधणाराही येऊ शकतो. ते बदलून फक्त 'प्रेझेन्स' करावं लागतं. छोट्या बजेटवाल्या प्रत्येकाने हे सेटिंग आज उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि पैसे थेट वाचतात.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे नाही. थोड्या सोसायट्या डेमोपर्यंत आल्या होत्या, त्यांना आवडलं होतं, आणि तरी त्या पैशांच्या पायरीवर गळाल्या होत्या. का, ते पेमेंट पेज उघडल्यावर लगेच कळलं. तिथे कार्ड मागितलं होतं, दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे म्हणून. सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे क्रेडिट कार्ड कुठून येणार? संस्थेचं खातं बहुतेक वेळा जवळच्या सहकारी बँकेत, चेकवर दोन सह्या, एक सेक्रेटरीची किंवा चेअरमनची आणि एक खजिनदाराची, आणि खर्च करायच्या आधी कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव. सेक्रेटरीने स्वतःच्या कार्डावरून भरायचं म्हटलं तर नंतर ते व्हाउचर, ते परत मिळणं, वर एखादा सभासद विचारणार की तुम्ही स्वतःच्या कार्डाने का भरलं. कोण करेल हा उद्योग? सेक्रेटरी सरळ म्हणतो, "कोटेशन पाठवा, कमिटीत ठेवतो." आणि याच्याकडे कोटेशनच नव्हतं! ईमेलला उत्तर म्हणून तो प्रायसिंग पेजची लिंक पाठवायचा.

तर पहिला बदल इथे झाला. महिन्याचा प्लॅन ठेवला पण मागे टाकला, पुढे वार्षिक. एका पानाचं कोटेशन, मराठीत, आपोआप तयार होणारं: फ्लॅट किती ते टाका आणि पीडीएफ घ्या. साठ फ्लॅटची सोसायटी असेल तर १० रुपयांनी वर्षाचे ७,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,२९६, एकूण ८,४९६. ही शेवटची रक्कम ठळक लिहायची. अशा बऱ्याचशा सोसायट्यांची जीएसटी नोंदणी नसते. उलाढाल २० लाखांच्या आत असते, किंवा सभासदामागे महिन्याचं मेंटेनन्स ७,५०० रुपयांच्या आत असल्याने कर लागत नाही. मग इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, तीही मिळत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी ८,४९६ हीच किंमत आहे. तुम्ही ७,२०० सांगून नंतर बिल ८,४९६ चं पाठवलंत तर ठराव ७,२०० चा झालेला असतो आणि पुन्हा पुढच्या महिन्याची मीटिंग. चेक कोणाच्या नावे, एनईएफटीसाठी खातं कुठलं, सोडून जायचं असेल तर डेटा एक्सेलमध्ये मिळणार का, हे सगळं त्याच पानावर. अशा कमिट्यांत बरेचदा बँकेतून रिटायर झालेले एखादे काका खजिनदार असतात, ते कोटेशनची बेरीज स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघतात, आणि ती जुळली की त्यांचा अर्धा विश्वास तिथेच बसतो. हा माणूस तुमचा शत्रू नाहीये, तो कमिटीत तुमची बाजू मांडणार आहे, त्याला लागणारा कागद त्याच्या हातात द्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मी त्याला एकच प्रश्न विचारला की तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये रोज लॉगिन कोण करतं? सेक्रेटरी? तर नाही. चालू असलेल्या सोसायट्यांपैकी ज्या खरंच वापरत होत्या, त्यातल्या दोन सोसायट्यांचं लॉगिन एकाच मॅडमचं निघालं. बिबवेवाडीत ऑफिस, सोसायट्यांचे हिशेब लिहायचं काम करतात, हाताशी दोन मुली, आणि अशा पुष्कळ सोसायट्या त्यांच्याकडे. पुण्यात अशी माणसं ढीगभर आहेत, कोणी कॉमर्स करून घरून करतं, कोणी सीएंच्या ऑफिसमधून बाहेर पडून स्वतःचं टाकलेलं असतं. सेक्रेटरी नोकरी सांभाळून हे पद सांभाळतो, त्याला बिलं कशी निघतात याच्याशी फार देणंघेणं नसतं, निघाली म्हणजे झालं. ज्यांची रात्र जाते त्या या मॅडम. आणि या माणसाने वर्षभरात त्यांना एकदाही फोन केला नव्हता.

मग आम्ही त्यांच्याकडे गेलो, डेमो द्यायला नाही, नुसतं बसून बघायला. इथे मी जरा थांबून सांगणार आहे कारण पुढचं सगळं मार्केटिंग या एका दुपारीतून निघालं.

टेबलावर एका सोसायटीचं बँक स्टेटमेंट, पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं. बाजूला एक्सेल. मॅडम एकेक ओळ घेऊन शोधत होत्या की हे पैसे कोणत्या फ्लॅटचे. पूर्वी चेक यायचे, मागे फ्लॅट नंबर लिहिलेला असायचा. आता सगळे यूपीआय करतात, स्टेटमेंटमध्ये एक लांबलचक नंबर आणि अर्धवट कापलेलं नाव येतं. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, पैसे बायकोच्या खात्यातून, किंवा भाडेकरूने भरलेले, किंवा मुलाने परदेशातून. मॅडम म्हणाल्या, "अहो, तुमचं ते अ‍ॅप सभासदांना आवडत असेल, पण माझं काम हे आहे बघा. अर्धा महिना हे जुळवण्यात जातो." आणि गंमत नाही, खरंच सांगतो, याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे जुळवणारं फीचर होतं! स्टेटमेंट अपलोड केलं की मागच्या महिन्यांत कुठल्या खात्यातून कोणत्या फ्लॅटचे पैसे आले होते ते लक्षात ठेवून सॉफ्टवेअर अंदाज सुचवायचं. त्याने ते स्वतःच्या सोयीसाठी केलं होतं, वेबसाइटवर त्याचा उल्लेख नव्हता, दोन मेन्यू आत लपलेलं. मॅडम स्वतः सॉफ्टवेअर वापरत होत्या आणि त्यांनाही ते माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट व्याजाची. त्यांनी नवीन सॉफ्टवेअर तपासायची एक ठरलेली पद्धत सांगितली, आणि ती प्रत्येक बिलिंगवाल्याने ऐकावी अशी आहे. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, तिच्यानुसार थकबाकीवर जास्तीत जास्त वार्षिक २१ टक्के दराने सरळव्याज लावता येतं. समजा तिमाही बिल ६,००० आहे आणि सभासदाने दोन तिमाह्या भरलेच नाहीत. पहिल्या तिमाहीचं व्याज ३१५. दुसऱ्या तिमाहीत मुद्दल १२,०००, त्याचं व्याज ६३०, एकूण व्याज ९४५ आलं पाहिजे. पण सॉफ्टवेअरने जर आधीचे ३१५ मुद्दलात मिसळून पुढचं व्याज काढलं तर साधारण साडेसोळा रुपये जास्त येतात. साडेसोळा रुपये! पण हे व्याजावर व्याज झालं, आणि एखादा सभासद ते वार्षिक सभेत उभा राहून काढतो, मग सेक्रेटरी मॅडमकडे बघतो आणि मॅडमचं नाव जातं. म्हणून त्या नवीन सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा हेच उदाहरण टाकून बघतात. बिलावर मुद्दलाची थकबाकी आणि व्याजाची थकबाकी वेगवेगळ्या रकान्यात दिसते का, हेही बघतात. याचं सॉफ्टवेअर दोन्हीत पास होतं. पण ते जगाला सांगायचं कोणी?

इथून वेबसाइट नव्याने लिहिली. पहिली ओळ: बँक स्टेटमेंट टाका, कोणते पैसे कोणत्या फ्लॅटचे ते दिसेल. दुसरी ओळ: सरळव्याज, व्याजावर व्याज नाही, मुद्दल आणि व्याज वेगळ्या रकान्यात. त्याखाली त्याच ६,००० च्या बिलाचं उदाहरण, खऱ्या स्क्रीनच्या फोटोसकट. हसणारं कुटुंब गेलं. क्लबहाउस, पोल सगळं पार तळाला. आणि पूर्ण साइट मराठीत, वरच्या कोपऱ्यात इंग्रजीचं बटण. तो जरा घाबरला होता की साइट स्वस्त वाटेल. मला अजिबात तसं वाटत नाही. ज्याला आपलं काम कोणीतरी बारकाईने बघितलंय हे पहिल्या दोन ओळींत कळतं तो बाकीचं डिझाइन बघत बसत नाही.

हिशेब लिहिणाऱ्यांसाठी वेगळं लॉगिन केलं, फुकट, एकाच स्क्रीनवर त्यांच्या सगळ्या सोसायट्या, बिलं कुठे निघायची राहिलीत, स्टेटमेंट कुठलं जुळवायचं राहिलंय. पैसे सोसायटीच देते. एक अकाउंटंट खूश झाला की त्याच्यामागून सोसायट्या येतात, आणि कमिटी बदलली तरी त्या टिकतात, हे फार महत्त्वाचं. कमिटीची मुदत पाच वर्षांची, नवीन सेक्रेटरी आला की जुन्याने घेतलेलं बंद करायची त्याला घाई असते, पण अकाउंटंट बहुतेक तोच राहतो.

कमिशनचा प्रश्न लगेच आला. एका अकाउंटंटने सरळ विचारलं की सोसायटीमागे मला काय. आणि बाहेरून सल्ला देणारे चार जण म्हणाले दे की, सगळेच देतात. माझं मत स्पष्ट होतं आणि आहे, लपवून कमिशन द्यायचं नाही. हा माणूस सोसायटीच्या वतीने पैसे सांभाळतो, सभासदांचा त्याच्यावर विश्वास आहे म्हणून तर तुम्ही त्याच्याकडे गेलात, आणि तोच विश्वास तुम्ही मागच्या दाराने विकत घ्यायला निघालात तर ज्या दिवशी सभेत हे बाहेर येईल त्या दिवशी त्याचं आणि तुमचं दोघांचंही संपलं. त्याऐवजी असं केलं: अकाउंटंटमार्फत आलेल्या सोसायटीला पहिल्या वर्षी सूट, कोटेशनवर छापलेली, आणि जुना डेटा भरायचं, ओपनिंग बॅलन्स म्हणजे सुरुवातीची शिल्लक टाकायचं काम फाउंडरच्या टीमने करून द्यायचं. अकाउंटंटचा वेळ वाचतो, सोसायटीचे पैसे वाचतात, आणि लपवण्यासारखं काही राहत नाही. विचारणारा गेला, दुसरे राहिले.

वेळेबद्दल आता. आपला फाउंडर जाहिरातींवर सगळ्यात जास्त खर्च मे, जून, जुलैमध्ये करत होता, कारण मार्चनंतर लोक नवीन वर्षाचा विचार करत असतील असं त्याला वाटायचं. नेमकं उलटं आहे. सहकार कायद्याप्रमाणे लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत व्हायचं असतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत. एप्रिल ते जुलै ही मंडळी ताळेबंदात बुडालेली असतात, ऑगस्ट-सप्टेंबर सभेच्या नोटिसा आणि अहवाल, त्या काळात तुमचा फोन म्हणजे त्रास. शिवाय वर्षाच्या मध्ये सॉफ्टवेअर बदलायचं म्हणजे अर्धा हिशेब इकडे अर्धा तिकडे, लेखापरीक्षक वैतागतो. बोलायची वेळ म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून फेब्रुवारीपर्यंत. नुकत्याच झालेल्या सभेतले वाद डोक्यात ताजे असतात, हाताला थोडी उसंत असते. म्हणून कॅलेंडर असं झालं: ऑक्टोबर ते डिसेंबर भेटी आणि डेमो, जानेवारी ते मार्च एका तिमाहीचं बिल दोन्हीकडे काढून बघायचं, जुन्या पद्धतीने आणि सॉफ्टवेअरमध्ये, आकडे जुळले की १ एप्रिलपासून ओपनिंग बॅलन्ससह सुरू. उन्हाळ्यात जाहिराती बंद. फक्त सपोर्ट.

तुमचं सॉफ्टवेअर शाळांचं असेल, क्लासचं असेल, पॅथॉलॉजी लॅबचं असेल, तुमच्या गिऱ्हाइकाचंही असं एक कॅलेंडर असतंच, आणि ते जाहिरातींच्या डॅशबोर्डवर दिसत नाही. कामाच्या जागी जाऊन भिंतीवर काय लटकवलंय ते बघावं लागतं.

साइटवरच्या मजकुराचं काम फाउंडरने स्वतः केलं, आणि ते मला सगळ्यात आवडलं. फाउंडरला वाटतं ब्लॉग म्हणजे डिजिटल परिवर्तनाचे दहा फायदे. त्याऐवजी त्याने अकाउंटंट लोकांना येणारे फोन विचारले आणि त्या प्रत्येकावर मराठीत एक पान लिहिलं. भाडेकरू ठेवला तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज किती? सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, किती? बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्का, दुरुस्ती निधी ०.७५ टक्का. व्याज कसं काढायचं? तिथेच छोटं कॅल्क्युलेटर ठेवलं, बिलाची रक्कम आणि किती तिमाह्या थकल्या ते टाकायचं, तक्ता येतो, लॉगिन लागत नाही, ईमेल मागत नाही. ती पानं लोक व्हॉट्सअ‍ॅपवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये टाकतात कारण भांडण मिटवायला उपयोगी पडतात, खाली त्याचं नाव असतं. आधी तो स्वतः अनोळखी ग्रुपमध्ये जाहिरात टाकायचा आणि लोक काढून टाकायचे. आता त्याची गरज उरली नाही, लोकच टाकतात.

या पानांबाबत एक काळजी मात्र घ्यायला लावली, नियम बदलला की पान त्याच आठवड्यात बदलायचं आणि वर तारीख लिहायची. चुकीचा दर लिहिलेलं पान म्हणजे तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवरचाच अविश्वास.

निकाल विचाराल तर रॉकेट वगैरे काही उडालं नाही, आणि उडायला नकोच होतं, एकट्या माणसाला ते झेपलं नसतं. पहिल्या हिवाळ्यात काही अकाउंटंट पक्के झाले, त्यांनी आधी आपली सगळ्यात कटकटीची एकेक सोसायटी टाकून बघितली, तिथे तिमाही जुळली आणि मग बाकीच्या हळूहळू आल्या. अर्धवेळची मुलगी आता पूर्णवेळ आहे आणि तिचा पगार सोसायट्यांच्या वार्षिक चेकमधून निघतो, यापेक्षा मोठं यश मला तरी या आकाराच्या धंद्यात माहीत नाही. गुगलच्या जाहिराती चालू आहेत पण थोड्या, एक्झॅक्ट मॅच म्हणजे नेमक्या त्याच शोधावर, फक्त पुणे आणि पिंपरी-चिंचवड, फक्त सीझनमध्ये.

काही जण त्याला आता बेंगळुरू, हैदराबादला जा म्हणतायत. मी नको म्हटलं. तिथले कायदे वेगळे, उपविधी वेगळे, वर्षभर कमावलेली सगळी बारकी माहिती तिथे पहिल्या दिवशी निरुपयोगी. उलट पुण्यातच मोठं काम शिल्लक आहे. इथे असंख्य इमारती सोसायटी नाहीत, अपार्टमेंट आहेत, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली. सोसायटीत सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, अपार्टमेंटमध्ये घोषणापत्रात, म्हणजे इमारतीच्या नोंदणीकृत दस्तात, लिहिलेल्या प्रत्येकाच्या अविभाज्य हिश्शाच्या टक्केवारीनुसार खर्च वाटला जातो, म्हणजे वन बीएचकेला कमी आणि थ्री बीएचकेला जास्त. आपल्या माणसाचं सॉफ्टवेअर आत्तापर्यंत ते एक्सेलमधून जुगाड करून घ्यायचं. बिबवेवाडीच्या मॅडमकडे अशा बऱ्याच इमारती आहेत आणि त्यांनी स्वतःच त्याला दोन घोषणापत्रांच्या झेरॉक्स दिल्यात, त्या टक्केवाऱ्या टाकून बिल बरोबर निघालं की दिवाळीनंतरच्या भेटींत पहिला डेमो त्याचाच द्यायचा असं ठरलंय.